डावी कूस

बोकडाचं पोट आतून कसं असतं हे मला शाळेने नाही, आजीने शिकवलं. म्हसोबाचा नवस फेडायचा असला की मळ्यातल्या निंबाखाली बोकड पडायचा, मटणाचे वाटे लागायचे आणि वजडीची पाटी आजीच्या पुढ्यात यायची. घरातल्या बाकीच्या बायकांची वजडी खायला ना नसे, धुवायला असे. मग आजी माझ्याकडे बघून हाक मारायची, "आठे ये रे पोऱ्या, धर हाई."

धरायचं म्हणजे एक टोक मी धरायचं आणि दुसरं तिने. आधी भली मोठी पिशवी उलटी करून आतला हिरवा लगदा उकिरड्यावर जायचा. त्याचा वास कुणाला घाण वाटेल, मला तो ओल्या गवताला दारूचा वास लागल्यासारखा वाटायचा. मग कढत पाणी, चुना, आणि आजीच्या हातातली बोथट सुरी. पिशवीची आतली बाजू साफ झाली की अंग पुसायच्या पंचासारखी दिसायची, सगळीकडे बारीक बारीक दशा. आजी म्हणायची, "हाऊ टावेल." त्याला लागून मुठीएवढं दुसरं पोट. त्याच्या आत षटकोनी घरं, मोहोळ फोडून ठेवावं तशी. ती जाळी. तिसरं बाहेरून चेंडूसारखं गोल, कापलं की आत पानावर पान. त्याला आजी पोथी म्हणायची. पानापानात रेती आणि चाऱ्याचा भुगा अडकलेला असायचा, तो एकेक पान उलटून काढावा लागे. शाळेचं तोंड न बघितलेली माझी आजी आयुष्यात एवढी एकच पोथी पानन् पान उलटून वाचायची. चौथ्याला तिने नाव दिलं नव्हतं. ते आतून बुळबुळीत, सैल घड्यांचं आणि आंबूस वासाचं. ते ती पटकन धुऊन बाजूला टाकायची.

पुढे कधीतरी शेतीच्या मासिकात आकृती पाहिली. कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट, खरं पोट. चारही खोल्या जुन्या ओळखीच्या निघाल्या. फक्त गाईच्या मापाच्या. मोठ्या संकरित गाईच्या कोठीपोटात 100 लिटरच्या वर माल मावतो. म्हणजे आमच्या न्हाणीतली पाण्याची टाकीच, आणि ती गाय अंगात घेऊन फिरते. ही टाकी पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापून बसलेली असते. उजवीकडे आतडी दाटीवाटीने.

डाव्या बाजूचं महत्त्व आमच्या आबांना मासिकाशिवाय माहीत होतं. गिरणेच्या काठी भडगाव तालुक्यात आमचं गाव. कपाशी, दादर ज्वारी, दोन बैल, एक-दोन गाई, असा साधा संसार. रात्री जेवण झालं की आबा कंदील घेऊन गोठ्यात जायचे आणि प्रत्येक जनावराच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून उभे राहायचे. शेवटची बरगडी संपते आणि खुब्याचं हाड सुरू होतं त्याच्या मधला तो खळगा. डोळे मिटलेले, ओठ बंद. मला वाटायचं आबा देवाचं काही म्हणताहेत. एकदा त्यांनी माझीच मूठ तिथे दाबून धरली. आधी काही नाही. मग आतून कुणी कूस बदलावी तशी एक संथ लाट आली, मूठ बाहेर ढकलली गेली आणि पुन्हा आत बसली. "पोट चाली ऱ्हायनं," आबा म्हणाले, आणि पुढच्या जनावराकडे गेले.

निरोगी गाईच्या कोठीपोटात अशा लाटा मिनिटाला एक-दोन येतात. डॉक्टरही तिथेच मूठ ठेवतात, फक्त हातात घड्याळ असतं. या लाटांनी आतला चारा घुसळला जातो, वायू वर जमतो आणि ढेकरावाटे निघून जातो. तो ढेकर आपल्याला सहसा ऐकूही येत नाही, पण थांबला तर काही तासांत पोट नगाऱ्यासारखं होतं. कोवळ्या ओल्या घासावर अधाशासारखं तुटून पडलेलं जनावर पोटफुगीने आडवं झालेलं मी पाहिलंय.

दुसरी खूण रवंथाची. संस्कृतातल्या रोमंथाचं आपण रवंथ केलं. नंदुरबारच्या पलीकडे उतरलं की गुजरातीत त्याला वागोळवुं म्हणतात, आणि आठवणी काढत बसण्यालाही तोच शब्द. जनावर दिवसातले 6 ते 8 तास रवंथ करतं. जाळीपोट एक जादा आचका देतं, गोळा गळ्यातून वर येतो. मान नीट बघितली तर तो चढताना दिसतो. मग तोंडात त्याच्यावर चाळीस-पन्नास वेळा दाढा फिरतात, खालचा जबडा आडवा-आडवा, आणि गोळा पुन्हा खाली. दिवसाला 100 लिटरच्या आसपास लाळ सुटते आणि तिच्यातून किलोभराहून जास्त सोडा पोटात जातो. तोच सोडा पोट आंबट होऊ देत नाही. दुखणं, ताप, भीती, काहीही झालं तरी रवंथ पहिल्यांदा मोडतो. आई रात्री काळजीने विचारायची, तांबी आज गप्प का? आबा उलट विचारायचे, "रवंथ करी ऱ्हायनी ना? मंग झोप."

1986 च्या पावसाळ्याआधी आमच्या धाब्याच्या घरावर स्लॅब पडला. वडलांना त्याचा फार आनंद. सेंट्रिंगवाल्यांनी सळया बांधल्या, महिनाभर अंगण म्हणजे नुसता कारखाना. दिवाळीला कालवड झालेली आमची तांबी गाय तिथेच कडब्याच्या ढिगाशेजारी बांधलेली. कालवड म्हणजे तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांची. कार्तिक संपता संपता तांबीने वैरण सोडली. दूध अर्ध्यावर आलं. पाठ कमानीसारखी, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून दूर, आणि उठताना कण्हायची. नदीच्या उताराला लागलं की जागेवरच थांबायची. चढ चढे, उतार उतरेना. आबांनी मूठ लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली. त्या रात्री ते काही बोलले नाहीत.

डॉक्टर आले. त्यांनी तिची वशिंडामागची पाठ दोन्ही हातांनी चिमटली. धडधाकट जनावर चिमटा बसला की पाठ खाली दबवतं. तांबीने दबवली नाही, श्वास रोखून उभी राहिली. गळ्याखालची पोळी सुजून पाणी भरल्यासारखी झाली होती आणि मानेवरची शीर दोरखंडासारखी तट्ट. डॉक्टरांनी वडलांना विचारलं, घरात बांधकाम झालं का? वडील खुशीतच म्हणाले, हो, स्लॅब टाकला की!

चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी फाडून बघितलं, मीही बघितलं, मला कुणी हटकलं नाही. जाळीपोटाच्या षटकोनी घरांत दोन खिळे, खडे, एक बटण, आणि बोटभर लांबीची सळया बांधायची तार. तारेचं एक टोक जाळीत, दुसरं टोक जाळी आणि तिच्या पुढचा छातीचा पडदा छेदून आरपार. त्या पडद्याच्या पलीकडे चार बोटंसुद्धा जागा नसते, तिथे हृदय. हृदयाभोवती नासलेल्या दुधासारखा जाड पिवळा थर. गाय ओठांनी निवडून खात नाही. जिभेने पेंढी ओढते, आणि जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले, आत गेलेलं परत यायचं नाव नाही. वरच्या जबड्याला पुढे दात नाहीत, चावून पारखायची सोयच नाही. जड वस्तू सरळ जाळीत उतरते, आणि जाळी दर मिनिटाला आवळते. प्रत्येक आवळण्याने तार एक केस पुढे. शेळी-मेंढी ओठांनी पान पान निवडते, म्हणून तिच्यात हे दुखणं क्वचित.

वडील तार हातात घेऊन बघत राहिले. आबांनी ती घेतली, धुतली आणि ओसरीच्या खुंटीला अडकवली. "आपलीच तार शे," एवढंच म्हणाले. ती तिथे किती वर्षं होती. नव्या घराचं कौतुक करायला आलेल्या पाहुण्यांची नजर तिच्यावर जायची आणि वडील विषय बदलायचे. पुढच्या गाईंना डॉक्टरांनी बोटाएवढं लोहचुंबक गिळायला दिलं. ते जन्मभर जाळीत पडून राहतं आणि येईल ते लोखंड धरून ठेवतं. इतका सोपा उपाय आधी का नाही कळला, असं वडील पुढे कितीदा तरी म्हणाले असतील.

जाळीपोट हे खरं तर घरातलं अडगळीचं फडताळ आहे. काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यात पोळ्याच्या ताटात ठेवलेलं मंगळसूत्र बैलाने पुरणपोळीबरोबर गिळलं, बातमी सगळ्यांनी हसत हसत वाचली. शेवटी ऑपरेशन करून काढलं. ते याच खोलीत सापडलं असणार, हे मला बातमीच्या पहिल्या ओळीलाच कळलं होतं. हसू काही आलं नाही.

कालवड उरली. तिला दूध कसं पाजायचं यावर घरात वाद. आईने पातेलं तिच्यापुढे ठेवलं, आबांनी उचललं. त्यांनी बाटली घेतली, बूच लावलं, कालवडीची मान वर केली आणि आपलं बोट तिला चोखायला दिलं. ती चोखायला लागल्यावरच दूध सोडलं. मला तो हट्ट वाटला. त्यामागचं कारण शरीरातच आहे. वासराच्या अन्ननलिकेच्या पोटाकडच्या तोंडाशी एक पन्हळ असते. वासरू चोखायला लागलं की तिच्या दोन कडा मिटून नळी तयार होते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या, खऱ्या पोटात उतरतं. हपापून, मान खाली घालून ढोसलं तर दूध कोठीत पडून सडू शकतं. जन्मतः वासराचं चौथं पोटच सगळ्यांत मोठं असतं, कोठीपोट नुसतं लोंबतं रिकामं फडकं. त्या वयात ते रवंथ करणारं जनावर नसतंच, तुमच्या-माझ्यासारखं एका पोटाचं बाळ असतं. दूध विरजवणारं द्रव्य त्याच चौथ्या पोटात. आजीने ज्याला नाव दिलं नाही, ते.

त्यानंतर महिन्याभराने आबांनी केलेली गोष्ट मला आजवर कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालेली नाही. दुपारी लाल्या बैल निवांत बसून रवंथ करत होता. आबांनी त्याच्या गालात बोटं घालून तो हिरवा गोळा काढला, लाल्याने मान झटकली, आणि आबांनी तो गोळा कालवडीच्या तोंडात कोंबला. आई ओरडली, उष्टं कशाला घालताय पोरीला! आबांचं म्हणणं एवढंच, की गाय असती तर तिने चाटलं असतं, आता कोण चाटणार.

चारा खरं म्हणजे गाय पचवतच नाही. कडब्याच्या काडीतला सेल्युलोज फोडण्याचा रस कुठल्याच गाईच्या अंगात तयार होत नाही. तो फोडतात कोठीपोटातले रहिवासी. तिथल्या पाण्याच्या 1 मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात, आणि लाखांनी मोजावे लागणारे आदिजीव, एका पेशीचे पण जिवाणूंहून मोठे जीव. 1843 मध्ये पॅरिसमध्ये ग्रूबी आणि दलाफाँ या दोघांनी हे आदिजीव पहिल्यांदा नोंदवले. बुरशीही तिथे राहते हे ओर्पिन या शास्त्रज्ञाने 1975 मध्ये दाखवलं. हवेशिवाय बुरशी कशी जगेल, असं त्याआधी सगळे धरून चालले होते. ही मंडळी काडी आंबवतात, आणि त्यातून जी आम्लं सुटतात, व्हिनेगरमधलं असतं ते, लोण्याच्या वासाचं आणखी एक, ती टॉवेलच्या दशांमधून गाईच्या रक्तात जातात. गाईची बहुतेक ताकद यावर चालते. दुधाची बरीचशी फॅटही त्या व्हिनेगरवाल्यातूनच बनते, म्हणून तर कडबा आखडला की डेअरीत फॅट लागत नाही आणि माणूस मापाड्याशी भांडतो. शेवटी रहिवासी स्वतःही चौथ्या पोटात वाहून जातात आणि पचतात. गाईची डाळ-उसळ तीच. आपण दावणीत वैरण टाकतो ती गाईला नव्हे, तिच्या कुशीतल्या गावाला.

गाव म्हटलं की भलंही आलं, बुरंही आलं. आमच्या कपाशीच्या मुलखात सरकी फुकटासारखी मिळते. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं, मोठ्या जनावराच्या कोठीपोटात त्याचा बराचसा जोर मोडतो, म्हणून गाय सरकी खाऊन दूध देते. वासराचं गाव वसलेलं नसतं, ते विष त्याला लागतं. आबा वासरांना सरकीच्या पाटीजवळ फिरकू देत नसत. उलट ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात हेच रहिवासी घात करतात. तिथलं विष काडीत बांधलेलं असतं, आणि ते झपाट्याने मोकळं करून देतात तेच. किराळ लागली की जनावर बांधावरच पडतं. पोळ्याचंही तसंच. प्रेमाने मांडे, गव्हाची घुगरी, वर गूळ! पिष्ट आणि साखर खाणाऱ्यांची एकदम चंगळ, पोट आंबट ढाण, आणि काडी फोडणारे बिचारे मरून जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरची फटफटी गल्लोगल्ली फिरत असे, पिशवीत खायच्या सोड्याचे पुडे.

आणि हे गाव वसतं कसं? जिवाणू कसेही येतात, चाऱ्यातून, पाण्यातून, धुळीतून. पण आदिजीवांना तसं जमत नाही. ते वाळले की संपले, गारठले की संपले. ते फक्त लाळेतून जातात, तोंडातून तोंडात, आईच्या जिभेवरून वासराच्या तोंडात. जन्मल्यापासून एकटं वाढवलेल्या वासराच्या पोटात ते सापडतच नाहीत. त्यांच्यावाचून जनावर जगतं, तसं काही अडत नाही. पण तांबीची जीभ जिथे आता पोचणार नव्हती तिथे आबांच्या बोटांवरून लाल्याचं गाव पोचलं. तांबीला ते तिच्या आईकडून, तिला तिच्या. माझ्या खापरपणजोबांचं नाव घरात कुणाला सांगता येत नाही. गोठ्यातली ही वंशावळ मात्र कुठे तुटली असेल असं वाटत नाही.

दरसाल हिवाळ्यात काठेवाडी लोक जनावरं घेऊन आमच्या शिवारात उतरायचे, उंटांवर बाजा आणि पोरं लादलेली. उंटही रवंथ करतो, पण त्याच्या पोटाच्या खोल्या तीनच धरतात, पोथी वेगळी नसते. घोडा तर रवंथ करतच नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखोंचे घोडे बघायला जातो आपण, पण लीद बघावी, काड्या जशाच्या तशा. लीद कुंभाराच्या मातीत जाते, अंगण मात्र शेणानेच सारवायचं. चार पोटांतून दळून निघालेलं असतं म्हणून ते हाताखाली लोण्यासारखं पसरतं. सारवण करणाऱ्या बाईला हे विचारा, आकृती काढायची गरज नाही.

कालवडीचं वेत, तिच्या मुलीचं, नातीचं, असं करत 2004 मध्ये शेवटची गाय विकली. बैल त्याआधीच गेले होते. आबा तेव्हा नव्हते. तार कधी हरवली कुणास ठाऊक. घराला नवा रंग दिला तेव्हा असेल.

मागच्या हिवाळ्यात भाच्याकडे परभणीला गेलो. तो तिथे जनावरांचा डॉक्टर होतोय. पोटात नळी घालून नुकतंच काढलेलं हिरवं पाणी त्याने थर्मासमधून आणलं होतं. "मामा, लवकर बघा, गार झाले की थांबतात," म्हणाला. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि आठवड्याच्या बाजारात उभं असल्यासारखं झालं. लांबट, गोल, अंगभर केसांची झालर असलेले, एकमेकांना ढकलत, वळत, एखाद्याच्या पोटात गिळलेली काडी स्पष्ट दिसते. बघता बघता गर्दी मंदावली. काच गार होत होती.

उरलेलं पाणी त्याने फेकलं नाही. आवारात एक म्हैस आठ दिवस खात नव्हती, रवंथ बंद. निरोगी गाईच्या पोटातलं ते पाणी तो नळीने म्हशीच्या पोटात सोडणार होता. मी त्याला लाल्याची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, आबांनी गोळा किती वेळात दिला, गार तर होऊ दिला नव्हता ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर गेलो. म्हशीपुढे हिरवी मक्याची ताटं होती, तिने दोन-तीन पानं ओढली असावीत. तो कागद चाळत होता. मी डाव्या बाजूला गेलो, खळगा सापडला, मूठ दाबली. चामडी गार, आतून काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मग मूठ जराशी, अगदी जराशी, बाहेर सरकली. भाच्याने विचारलं, मामा, आली का? मी त्याला हाताने थांबवलं आणि दुसरीची वाट बघत उभा राहिलो.